चिपांच्या मेळ्याला जाताय? आधी खोली बघा

कॅसिनोच्या टेबलावरची चिप, स्लॉट मशीनचं टोकन, हॉटेलचं नाव छापलेली राखदाणी, खोलीची जुनी किल्ली, काडेपेटीचं रंगीत कव्हर. आयुष्यात एक पैसा जुगारात न लावणारी माणसंही या वस्तूंच्या मागे वर्षानुवर्षं लागलेली असतात. अमेरिकेत अशा संग्राहकांची संघटना १९८८ साली उभी राहिली. आधी ती चिप आणि टोकन गोळा करणाऱ्यांचा क्लब म्हणून ओळखली जायची. आता तिचं नाव कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन असं आहे. दरवर्षी लास वेगासला तिचा मेळा भरतो. अलीकडे तो जूनमध्ये, साधारण गुरुवार ते शनिवार असा असतो.

आपल्याकडे नाणी आणि नोटा जमवणाऱ्या अनेकांना गोव्यातल्या मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवरच्या चिपांमुळे या वस्तूंची गोडी लागते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसाला तर वेगास गाडीने जाण्याजोगं आहे. लॉस एंजेलिसपासून ते सुमारे ४३० किलोमीटरवर, रहदारी नसेल तर चार-साडेचार तासांवर आहे. पण पहिल्यांदा जाणारा माणूस विमानाचं तिकीट काढतो, प्रवेशशुल्काची चौकशी करतो आणि खोलीचं ‘बघू नंतर’ म्हणून सोडून देतो. खरं तर मेळा पदरात किती पडणार हे बरंचसं खोलीवर ठरतं.

ज्या हॉटेलात मेळा, त्याच हॉटेलात खोली

पहिला सल्ला हाच, आणि पुढचं सगळं या सल्ल्याला कधी मुरड घालायची एवढ्यापुरतं आहे. गेल्या अनेक वर्षांत हा मेळा बऱ्याचदा साउथ पॉइंट या हॉटेलात भरला. त्याआधी ट्रॉपिकाना, रिव्हिएरा अशा ठिकाणीही तो झाला होता, आणि आज ती दोन्ही हॉटेलं जमीनदोस्त झालेली आहेत. म्हणून यंदाचं ठिकाण संघटनेकडून पक्कं कळेपर्यंत कुठेही पैसे अडकवू नका.

यजमान हॉटेलचाच आग्रह का? लग्नाला कार्यालयातच उतरलेला पाहुणा आणि गावातल्या लॉजवर उतरलेला पाहुणा यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. दोघंही जेवतात, आहेरही दोघं करतात. पण घरच्या गप्पांत सामील होतो तो कार्यालयातला. चिपांच्या मेळ्यात टेबलांची वेळ संपली की सभागृहाला कुलूप लागतं, व्यवहार मात्र चालूच राहतात. कुणी कॉफीशॉपमध्ये अल्बम उघडतं, कुणी खोलीवर बोलावतं. डुप्लिकेटची अदलाबदल, ‘हे तुला लागतंय ना, मग ते मला दे’ हा प्रकार, बहुतेक अशाच वेळी होतो. टेबलावरच्या व्यापाऱ्याला दिवसभर गिऱ्हाइकं सांभाळायची असतात. रात्री तो निवांत असतो, भावही जरा सैल करतो आणि एखाद्या चिपेची हकीकतही सांगतो.

दुसरं कारण वजनाचं. कॅसिनोची नेहमीची चिप ३९ मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १० ग्रॅमची असते. शंभर चिपा म्हणजे एक किलो. सकाळी विकत घेतलेला माल दुपारपर्यंत खांद्यावर वागवण्यापेक्षा लिफ्टने वर जाऊन ठेवून येणं केव्हाही बरं. खोली आठ किलोमीटरवर असेल तर तो माल दिवसभर तुमच्याच पिशवीत राहतो, आणि गर्दीत पिशवी सांभाळणाऱ्या माणसाचं टेबलावर लक्ष लागत नाही.

तिसरं कारण संघटनेच्या हिशोबाचं आहे. मेळा भरवणारे हॉटेलकडून ठरावीक संख्येच्या खोल्या सवलतीच्या दरात राखून घेतात. त्या भरल्या तर सभागृहाचं भाडं कमी बसतं. बऱ्याच रिकाम्या राहिल्या तर फरक आयोजकांच्या माथी येतो. म्हणून नोंदणी करताना मेळ्याचा सांकेतिक क्रमांक आवर्जून द्या. तो न देता एखाद्या स्वस्त संकेतस्थळावरून त्याच हॉटेलात खोली घेतलीत, तर ती आयोजकांच्या खात्यात धरली जाईलच असं नाही.

दिसणारा दर आणि भरायचा दर

वेगासमध्ये खोलीचा जाहिरातीतला दर आणि बिलावरचा आकडा यांची गाठ पूर्वी क्वचितच पडायची. मधे ‘रिसॉर्ट फी’ असते. वायफाय, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव अशा गोष्टींसाठी दर रात्रीला वेगळी रक्कम लावतात, तुम्ही तलावात पाय बुडवा किंवा बुडवू नका. साधारणपणे ती ३० ते ५५ डॉलरच्या घरात असते. त्यावर सुमारे १३ टक्के कर, आणि तो कर रिसॉर्ट फीवरसुद्धा बसतो.

हिशोब मांडून पाहा. समजा खोली ७० डॉलरची आणि फी ४० डॉलरची. बेरीज ११०, कर धरून १२४ डॉलरच्या वर. चार रात्रींचे जवळजवळ ५०० डॉलर झाले, पूर्वीच्या जाहिरातीवरून तुम्ही २८० धरले असते. याउलट जवळच्या एखाद्या साध्या, कॅसिनो नसलेल्या हॉटेलात खोली ९५ डॉलरची पण रिसॉर्ट फी नाही, आणि वर सकाळचा नाश्ता फुकट. तिथे करासकट १०८ डॉलरच्या आत भागतं. म्हणजे ७० पेक्षा ९५ स्वस्त पडले. अमेरिकी सरकारच्या नव्या नियमानुसार मे २०२५ पासून हॉटेलांना अशी सक्तीची फी धरूनच दर दाखवावा लागतो, त्यामुळे फसगत कमी झाली आहे. तरी कर आणि पार्किंग वेगळे असू शकतात. शेवटच्या पानावरचा एकूण आकडा बघूनच पुढे जा.

वार पाहणंही महत्त्वाचं. वेगासला रविवार ते गुरुवार दर उतरलेले असतात, शुक्रवारी-शनिवारी चढतात. मेळा गुरुवारी सुरू होणार असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी पोचणं खिशाला परवडतं आणि भारतातून येणाऱ्याची झोपही जाग्यावर येते. रविवारी सकाळची परतीची घाई टाळून सोमवारी निघालात तर ती एक रात्र बऱ्याचदा शनिवारच्या निम्म्या भावात मिळते.

अनामत रक्कम हा भारतातून जाणाऱ्यांना हमखास नडणारा भाग. खोलीचा ताबा देताना हॉटेल कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ते जाणवत नाही. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे खोली सोडल्यानंतरही काही दिवस अडकून राहतात. म्हणून क्रेडिट कार्ड खोलीसाठी आणि फॉरेक्स कार्ड इतर खर्चासाठी, अशी वाटणी करा. शिवाय बहुतेक कॅसिनो हॉटेलांत खोली घेणाऱ्याचं वय २१ पूर्ण लागतं. कॉलेजातल्या मुलाच्या नावावर खोली नोंदवू नका.

साउथ पॉइंट आणि आसपास

साउथ पॉइंट हे स्ट्रिपवरचं, म्हणजे वेगासच्या बड्या कॅसिनोंच्या पट्ट्यातलं, हॉटेल नाही. लास वेगास बुलेव्हार्ड हा तोच रस्ता, पण स्ट्रिपच्या दक्षिण टोकाच्या मँडले बे हॉटेलपासून आणखी सुमारे आठ किलोमीटर दक्षिणेला. २००५ च्या डिसेंबरात ते साउथ कोस्ट या नावाने उघडलं आणि पुढच्या वर्षी मालकी बदलली तसं नावही बदललं. साउथ कोस्ट नावाच्या चिपा त्यामुळे थोड्याच काळापुरत्या चालल्या, आणि म्हणून त्या संग्राहकाला हव्या असतात. दोन हजारांवर खोल्या, चित्रपटगृह, ६४ लेनचं बोलिंग आणि घोड्यांच्या स्पर्धांसाठी बंदिस्त मैदान असा तिथला पसारा आहे. गाडी लावायला पैसे पडत नाहीत, ही स्ट्रिपवरून येणाऱ्याला नवलाची गोष्ट वाटते. विमानतळही टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे.

इथली एक मेख लक्षात ठेवा. बोलिंगची मोठी स्पर्धा किंवा घोड्यांचा कार्यक्रम त्याच आठवड्यात आला की दोन हजार खोल्याही पुरत नाहीत. चिपावाले शे-पाचशे, बोलिंगवाले हजारांनी. म्हणून राखीव खोल्यांची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती उलटली की सवलतीचा दर गेला.

खोली संपलीच असेल तर जवळच्या दोन जागा पाहा. सिल्व्हरटन हॉटेलात भलंमोठं मत्स्यालय आहे, लहान मुलं रमतात. एम रिसॉर्ट आणखी दक्षिणेला, हेंडरसनच्या बाजूला आहे. ते २००९ साली उघडलं. दोन्हीकडे स्वतःचा कॅसिनो आहे, म्हणजे दोन्हीकडच्या चालू चिपा तुमच्या अल्बमला मिळतील. कॅसिनो नसलेली साखळी हॉटेलंही त्या पट्ट्यात आहेत. कुटुंब बरोबर असेल, आतल्या सिगारेटच्या धुराचा त्रास होत असेल, किंवा मशीनच्या आवाजात मुलांना न्यायचं नसेल, तर ती सोयीची. २१ वर्षांखालच्यांना कॅसिनोच्या मजल्यावर रेंगाळता येत नाही. चालत पुढे निघून जावं लागतं.

स्ट्रिपवर राहावं का?

ज्यांना वेगास पाहायचं आहे आणि जमलं तर मेळ्यात चक्कर मारायची आहे, त्यांनी राहावं. ज्यांना मेळा पाहायचा आहे, त्यांनी राहू नये. स्ट्रिपवरून साउथ पॉइंटला रोज जाण्या-येण्याचा टॅक्सीचा खर्च खोलीत वाचवलेले पैसे खाऊन टाकतो. ड्यूस ही दुमजली बस स्ट्रिपवरून जुन्या फ्रीमाँट स्ट्रीटपर्यंत चोवीस तास धावते, पण साउथ पॉइंटपर्यंत ती पोचवत नाही. मोनोरेल सहारा ते एमजीएम ग्रँड एवढ्याच पट्ट्यात चालते. शिवाय जूनमधलं ऊन. दुपारी पारा ४० अंशांच्या पुढे जातो. नकाशावर ‘पलीकडचंच’ दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात वीस मिनिटांच्या पायपिटीवर निघतं.

तरी स्ट्रिपवर एक-दोन रात्री काढायच्या असतील तर मेळ्याच्या आधी, आठवड्याच्या मधल्या वारांना काढा. धुराचा त्रास असणाऱ्यांसाठी पार्क एमजीएम सोयीचं आहे, कारण तिथला कॅसिनो २०२० पासून धूम्रपानमुक्त आहे.

डाउनटाउन: संग्राहकाच्या पायांसाठी

मला विचाराल तर मेळ्याव्यतिरिक्तची एक रात्र स्ट्रिपपेक्षा फ्रीमाँट स्ट्रीटवर काढावी. गोल्डन गेटचं मूळ हॉटेल १९०६ चं, एल कॉर्टेझ १९४१ चं, गोल्डन नगेट १९४६ चं, फोर क्वीन्स १९६६ चं, आणि ही सगळी चालण्याच्या अंतरावर. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकामागून एक कॅसिनोत शिरायचं, टेबलावर वीस डॉलरची नोट ठेवायची, एक-एक डॉलरच्या किंवा पाच डॉलरच्या चिपा मागायच्या आणि त्यातली चांगली, कोऱ्या कडांची एक खिशात घालून बाकीच्या कॅशिअरच्या खिडकीवर परत करायच्या. अल्बमची सुरुवात करायला याहून स्वस्त मार्ग नाही, कारण प्रत्येक चिप छापील किमतीलाच मिळते. डाव चालू असताना मात्र मधेच हात घालू नका. डीलरचा एक हात संपला की विचारा.

चिप हातात आली की कडेवरून बोट फिरवून पाहा. पॉलसन कंपनीच्या चिपेच्या कडेलगत उंच टोपी आणि छडी यांची नक्षी गोलाकार उमटवलेली असते, बोटाला जाणवते. कडेवरचे रंगीत तुकडे वरून चिकटवलेले नसतात. ते मातीसारख्या मिश्रणात मुळापासून असतात, म्हणून बाजूने पाहिलं तरी तुटत नाहीत. वापरलेल्या चिपेच्या कडा गोल होतात, कोरी चिप बोटाला धारदार लागते. भाव ठरवताना याच कडा पाहतात.

डाउनटाउनलाच मॉब म्युझियम आणि निऑन म्युझियम आहेत. निऑन म्युझियममध्ये पाडलेल्या हॉटेलांच्या पाट्या जपून ठेवल्या आहेत. तुम्ही ज्या स्टारडस्टची चिप विकत घेणार, त्याची पाटी आधी पाहून या. २००७ साली सुरुंग लावून ते हॉटेल पाडलं. हॉटेल बंद झालं की नेवाडाच्या नियमांप्रमाणे चिपा परत घेण्यासाठी ठरावीक मुदत जाहीर होते, गोळा झालेल्या चिपा नष्ट होतात, आणि खिशात राहून गेलेल्या तेवढ्या उरतात. ट्रॉपिकाना २ एप्रिल २०२४ ला बंद झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पाडलं गेलं. ज्यांच्या जुन्या सुटकेसमध्ये त्याची चिप राहिली होती, त्यांच्याकडे आता संग्राह्य वस्तू आहे.

खोलीत शिरल्यावर

खोली मागताना तीन गोष्टी सांगा: धूम्रपानरहित, लिफ्टजवळ, आणि फ्रीज असेल तर उत्तम. लिफ्टजवळची खोली मोठ्या हॉटेलात लाखमोलाची, कारण माल घेऊन तुम्ही दिवसातून चार चकरा मारणार. चहासाठी किटली खोलीत असेल असं धरून चालू नका; वेगासच्या बऱ्याच हॉटेलांत ती नसते. प्रवासी किटली नेलीत तर अमेरिकेतल्या ११० ते १२० व्होल्टवर चालणारी आणि तिथल्या प्लगची हवी. मिनीबार असेल तर त्याला हात लावू नका. काही हॉटेलांत वस्तू नुसती उचलली तरी सेन्सर बिलात नोंद करतो, आणि आपला थेपला ठेवायला त्यांची बाटली सरकवली तर ती पुरती विकत घ्यावी लागते.

मालाच्या सुरक्षिततेचं आधी ठरवा. खोलीतली तिजोरी पासपोर्ट आणि रोकड यांपुरती असते, अल्बम तिच्यात मावत नाही. महागाची चिप असेल तर स्वागतकक्षावर सेफ डिपॉझिट बॉक्स मिळतो का, विचारा. खोलीतून काही हरवलं तर हॉटेलची कायदेशीर जबाबदारी मर्यादित असते. सफाईवाल्यांसाठी खोली उघडी राहणार असेल, त्या वेळी अल्बम टेबलावर पसरलेला नको. आणि व्यवहारासाठी अनोळखी माणसाला खोलीवर बोलावण्यापेक्षा पहिल्यांदा कॉफीशॉपमध्ये भेटा. सभासदाचा बिल्ला पाहून, चार लोकांदेखत.

गाडी भाड्याने घेतली असेल तर तिच्यात काही ठेवू नका. चोरीचं सोडाच, जूनच्या दुपारी बंद गाडी भट्टीसारखी तापते, तिच्यात प्लॅस्टिकची स्लॉट कार्डं वाकतात आणि जुन्या चिपाही बिघडू शकतात.

रोकड लागते, कारण टेबलावर अजून नोटांचाच मान मोठा. भारतातून निघताना एका प्रवासासाठी परकीय चलनी नोटा ३,००० डॉलरपर्यंतच घेता येतात. बाकी रक्कम कार्डावर. कॅसिनोतल्या एटीएमचं शुल्क जबर असतं, ते टाळून बाहेरच्या बँकेच्या एटीएमवर जा.

शेवटी खोलीतच एक संग्रह आपोआप होतो. हॉटेलच्या नावाची किल्लीची कार्डं, दारावर लटकवायची पाटी, पेन, नोटपॅड. यांचे वेगळे संग्राहक असतात. किल्लीचं कार्ड ठेवून घ्यायचं असेल तर निघताना स्वागतकक्षावर विचारा. बहुतेक जागी हरकत नसते. टॉवेल मात्र बिलात येतो.

निघण्याची तयारी

सामान बांधताना चिपा हातातल्या बॅगेत घ्या, पारदर्शक डब्यांत. क्ष-किरण यंत्रात चिपांची चळत दाट काळी दिसते आणि बॅग उघडायला लावतात; पारदर्शक डबा असला की सुटका लवकर होते. काडेपेट्यांची जुनी कव्हरं घेतली असतील तर काड्या काढून नुसती कव्हरं न्या. अमेरिकेत मोठ्या सामानात काड्या चालतच नाहीत, हातातल्या सामानात एकच पेटी चालते, आणि पुढे मुंबईहून नागपूरचं विमान पकडायचं असेल तर तीही जाईल. खरेदीच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. भारतात उतरल्यावर मर्यादेपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर सीमाशुल्क विभागाला तो जाहीर करावा लागतो. चिपेवर १०० डॉलर छापलेलं असेल आणि तुम्ही ती १२ डॉलरला घेतली असेल, तर अधिकाऱ्याला पटवायला पावतीच हवी.

आणि नोंदणीचा क्रम असा: ठिकाण आणि तारखा पक्क्या झाल्या की आधी यजमान हॉटेलात मेळ्याच्या सांकेतिक क्रमांकावर खोली, तीसुद्धा रद्द करता येण्याजोगी. रद्द करण्याची मुदत किती तासांची, ते लेखी घ्या. मग विमानाचं तिकीट. मग, हवंच असेल तर, फ्रीमाँट स्ट्रीटची एक रात्र मेळ्याच्या आधी जोडा. मेळ्याच्या शेवटच्या दिवशी पुढच्या वर्षीच्या तारखांची चौकशी करूनच बाहेर पडा. जुने सभासद तेच करतात, आणि लिफ्टजवळच्या खोल्या त्यांनाच मिळतात.